उचल

आठशे कोटी.
एका पोराच्या उजव्या पायाचे.
आठावर नऊ शून्यं, बर्फाच्या पावतीमागे
दोनदा मांडून पाहिली.
वेंगुर्ल्याच्या बंदरातल्या सगळ्या होड्या,
इंजिनं, जाळी, डिझेलची उधारीसुद्धा
विकत घेऊन वर उरतील एवढे.

आणि तो पोरगा सहा यार्डांवरून
चेंडू गॅलरीत मारतो.

मी ओरडलो तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते.
कॉम्प्रेसरपाशी आडवा झालेला बस्त्याव
डोळे न उघडता म्हणाला,
"त्यातले तुजे किती गेले रे?"

एकही नाही. खरं आहे.
पण बावीस वर्षं ह्या क्लबासाठी जागतोय मी,
जागरणाची पावती कोण फाडतं?

त्यात परवा मॅनेजर काढला. दोन वर्षांत चौथा.
काढला तोही उरलेल्या तीन वर्षांचा पगार
हातावर ठेवून.
आमच्या दाजी गिरपाला शेठने काढलं
तीन फेऱ्या कोरड्या गेल्या म्हणून.
बांगडा नव्हता, पाणी तापलेलं,
बाहेरचे ट्रॉलर रात्री आत घुसून झाडून नेत होते.
दाजीने छत्री घेतली, डबा घेतला,
धक्क्यावरून सरळ घरी गेला.
नवा तांडेल त्याच पाण्यात उतरला
आणि तेवढीच कोरडी होडी घेऊन आला.
त्या क्लबाच्या मालकाला हे कोणी सांगावं?
आधी पाणी बघा हो,
मग सुकाणूवरचा माणूस.

होडीवर निदान हिशेब कळतो.
डिझेल, बर्फ वजा. मालकाचा काढून ठेवा.
उरल्यात तांडेलाचे दोन वाटे, खलाशाचा एक,
भात शिजवणाऱ्या पोराचा अर्धा.
मासळी नाही तर कोणालाच नाही.
तिकडे आठवड्याला अडीच कोटी,
बाकावर बसून.
बाकावर बसून!

हे मी रोज बोलतो, धक्क्यावरच्या टपरीत,
आणि लोक ऐकून घेतात.
मे महिन्याचं कोणी काढत नाही,
ही त्यांची मेहेरबानी.

मे महिन्यात खाडीकडच्या मैदानावर फायनल होती.
खजिनदार मी.
गोव्यातून दोन पोरं आणायची ठरली,
प्रत्येकी साडेतीन हजार, पेट्रोल वेगळं,
सामन्यानंतर सुरमईचं ताट.
त्यांच्यासाठी सुहास केळुसकरला बसवला आम्ही.
पाच वर्षं चुन्याने लाइनी आखणारा सुहास.
गोलचं जाळं त्याने शिवलेलं,
बापाच्या जुन्या रापणीतून.

त्या दोघांतला रॉयस्टन म्हणाला, पैसे आधी.
बूट घालायच्या आधी.
नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
घडी करून मोज्यात सारल्या.
माझं डोकं सणकलं. ह्यांना खेळाचं काही आहे का?
मग आठवलं, ऑगस्टात आमचा खलाशी
होडीवर पाय ठेवतो
तो उचल घेतल्यावरच.
समुद्राचा भरवसा नाही.
गुडघ्याचा तरी कुठे असतो?

हरलो. एक-शून्य.
गोल आमच्याच बाजूच्या जाळ्यात.
उजेड असेपर्यंत सुहास एकटा
त्याच्या गाठी सोडत राहिला,
जाळं खांद्यावर टाकून समोरून गेला,
काही बोलला नाही.

वहीत लिहिलंय: चुना, दोर, किरकोळ.
एकूण सात हजार आठशे.
ह्या किरकोळमध्ये काय काय मावतं
ते खजिनदारालाच ठाऊक.

पहाटे पहिली होडी बर्फ मागायला आली
तेव्हा मोबाइलवर बातमी होती,
जानेवारीत नवा डावा बॅक घेतायत, चारशे कोटी.
महाग आहे, मी म्हटलं,
पण आपल्याला बॅक हवाच होता.

"आपल्याक?" बस्त्याव म्हणाला,
आणि लादी ढकलली
घसरणीवरून खाली.